पाहिलं की ऐकलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या वेळी कुणी ना कुणी हे विचारतंच: "मॅडम, करोनात लोक ऑक्सिजनसाठी धावत होते आणि तुम्ही विद्यापीठाच्या जुन्या आठवणी गोळा करत होतात. वर त्यालाच शांततेचं काम म्हणत होतात. दोन्हीचा संबंध काय?" विचारणाऱ्याला कधी खरंच कुतूहल असतं, कधी तो टोमणा असतो. नातेवाईक विचारतात तेव्हा टोमणाच असतो.

ऑक्सिजनसाठी धावणाऱ्यांशी माझी बरोबरी नाही, हे आधीच सांगते. मी निवृत्त ग्रंथपाल, साठी ओलांडलेली, त्यात मधुमेह. मुलानं मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. हाताशी होता एक फोन आणि आयुष्यभर नोंदी ठेवण्याची खोड.

१५ ऑगस्ट २०२० ला आपल्या विद्यापीठाला, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, ३० वर्षं होणार होती. १९९० च्या आधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेत नाव चुकलं तरी पुण्याची एसटी धरावी लागायची. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९८ ला. बांभोरीला गिरणेपलीकडच्या माळावर विद्यापीठ उभं राहताना पाहिलेली माणसं आता निवृत्त होऊ लागली होती. शिपाई, ड्रायव्हर, मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या बाया, पहिल्या वर्षांतले विद्यार्थी. अहवाल आणि इतिवृत्तं कपाटात राहतात, या माणसांचं बोलणं कुठेच राहत नाही. "दिवाळीनंतर निवांत बसू" असं ज्यांच्याशी ठरलं होतं, त्यांच्यातले काही त्या उन्हाळ्यात गेले. मग निवांत बसायची वाट कशाची पाहायची?

तसं पाहिलं तर खानदेशाला हे काम नवं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद सांभाळायला धुळ्यात १९२७ ला संशोधन मंडळ निघालं, ते गेल्यावर लगेच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. आणि २०१८ मध्ये विद्यापीठाला जिचं नाव दिलं, ती बहिणाबाई तर निरक्षर. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं तिची गाणी टिपून ठेवली, ती गेल्यावर १९५२ ला छापली. लोक विनोबांबद्दल बोलतात, बहिणाबाईंबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. माझ्यासारखीचं लक्ष मात्र आधी लिहून घेणाऱ्याकडे जातं. त्यानं एखादा रविवार चुकवला असता तर?

काम अगदी साधं होतं. आम्ही काही माजी प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून लोकांना सांगायचो, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात बोलून पाठवा. अहिराणीत बोला, लेवा बोलीत बोला, प्रमाण मराठीचा आग्रह नाही. आलेला आवाज मूळ रूपात ठेवायचा, त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक तिसऱ्या गावी. फोन हरवतो, बिघडतो, नातवाच्या हातून पुसला जातो, म्हणून फोनवर भरवसा नाही. फाईलच्या नावातच तारीख, गाव आणि कॉलेज. बोलणाऱ्याची परवानगी आवाजातच घ्यायची, आणि उद्या तो "काढून टाका" म्हणाला तर काढायचं. एका बाईंनी खरंच काढायला लावलं, सुनेनं ऐकलं तर घरात भांडण होईल म्हणून. काढलं. फार सुंदर बोलल्या होत्या हो.

तक्त्यात एक रकाना मी हट्टानं घातला: पाहिलं की ऐकलं. सांगणारा स्वतः तिथे होता, की त्याला कुणी सांगितलं? आणि सांगितलं तर कुणी? पोरं कंटाळायची. "मॅडम, हे काय कोर्ट आहे का?" म्हणायची.

आता शांततेकडे येते. आम्ही काही जण दरवर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन करतो. २३ मार्च २०२० ला संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अँटोनियो गुटेरेस यांनी जगभर युद्धविरामाचं आवाहन केलं: साथ आली आहे, बंदुका थांबवा. त्याचा मजकूर मराठीत करून मी आठवणींच्या ग्रुपवर टाकला. चोपड्याकडच्या एका माजी विद्यार्थ्यानं लगेच विचारलं, "मॅडम, आठे कोठे युद्ध शे?" इथे कुठे आहे युद्ध?

उत्तर द्यायला मला फार थांबावं लागलं नाही. एप्रिल उजाडला आणि त्याच ग्रुपवर निरोप यायला लागले. अमुक धर्माच्या फळवाल्याकडून काही घेऊ नका, तमुक वस्तीतून रोग पसरवतायत, सोबत कुठल्या तरी गावचा, कधीचा तरी व्हिडिओ. पाठवणारे कोण? माझ्याच वाचनालयात बसून अभ्यास केलेली पोरं, आता बँकेत, शाळांत नोकरीला लागलेली.

खानदेशात असं काही दिसलं की मला राईनपाडा आठवतं. साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा आधीपासून फोनवर फिरत होत्या. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. एप्रिल २०२० मध्ये, खूप फिरलेला निरोप असेल तर एकाच ठिकाणी. ठीक आहे, काही तरी केलं. पण राईनपाड्याच्या बाजारात कुणी फोनकडे बघत नव्हतं. फोनवरचं तोवर तोंडात आलेलं होतं.

फळवाल्याचा निरोप टाकणाऱ्याला मी फोन लावला. प्रवचन दिलं नाही, रकान्यातला प्रश्नच विचारला. "भाऊ, पाहिलं की ऐकलं?" ऐकलं. कुणाकडून? साडूकडून. साडूला फोन लावला, तर त्याला दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं. गाव कुठलं? माहीत नाही. तारीख? तेही नाही. आठवणींची नोंद करतो तशीच याची नोंद केली: ऐकलेलं, गाव नाही, तारीख नाही, पाहणारा नाही. ती नोंद ग्रुपवर टाकली. त्या पोरानं निरोप स्वतःच पुसला. सगळ्यांनी पुसले असं नाही. एक जण मी कुणाच्या बाजूची आहे ते दोन ओळींत लिहून ग्रुप सोडून गेला. अजून परतलेला नाही, आणि त्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आहेत.

आता संबंध काय ते सांगते. अफवा आणि आठवण दोन्ही तोंडातोंडीच चालतात. फरक एवढाच की आठवणीला विचारलं तर माणूस, गाव, साल सापडतं. अफवेला विचारलं की ती शेजारच्या दारात बोट दाखवते. हा प्रश्न विचारायची सवय लोकांना लागली ती आठवणींच्या निमित्तानं. नुसतं "अफवा पसरवू नका" म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मेणबत्त्या, प्रतिज्ञा, पांढरी कबुतरं यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. त्या सगळ्या करून झाल्या.

आठवणींनी आणखी एक काम केलं, जे मला योजून जमलं नसतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी डिसेंबर १९९२ ची, बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट पाठवली. गावी जायला गाडी नाही, वसतिगृहात जेवण नाही, म्हणून खोलीतल्या मुसलमान मित्रानं यांना आपल्या घरी नेलं. तिथे मित्राच्या आईनं यांच्यासाठी नवी कोरी भांडी आणली आणि वेगळा शाकाहारी स्वयंपाक केला. सांगताना प्राध्यापकांचा गळा दाटून आला होता. तो मित्र ग्रुपवरच होता. त्यानं खाली आवाजातच उत्तर दिलं, "अरे, नवी भांडी घ्यायला आमच्याकडे पैसे कुठे होते? अम्मीनं जुनीच राखेनं घासून दिली होती. आणि तू म्हणालास म्हणून चुकीचं इतिहासात जाऊ नये, भाजी वांग्याची होती, तुला ती आवडली नव्हती." आम्ही दोन्ही नोंदी ठेवल्या, दोन्हींपुढे "पाहिलं" असं लिहून. नंतर काही दिवस ग्रुपवर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि मेसची पातळ आमटी एवढंच चाललं होतं. फळवाल्यांची आठवणही कुणाला झाली नाही.

८ मे २०२० ला मराठवाड्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, भुसावळला पोहोचलो तर गावाकडची गाडी मिळेल म्हणून. भुसावळला रेल्वेत असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानं त्या आठवड्यातल्या फलाटाबद्दल बोलून पाठवलं. ती आठवण नव्हे, ताजी गोष्ट. तेव्हापासून चालू दिवसांच्या नोंदीही ठेवू लागलो. सुरक्षा परिषदेनं युद्धविरामाचा ठराव केला तो नेमका १ जुलै २०२० ला. राईनपाड्याला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. न्यूयॉर्कमध्ये कुणाला ते ठाऊक असायचं कारण नाही. आम्ही त्या दिवशी साक्री तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना बोलायला सांगितलं. थोडेच बोलले. जे बोलले त्यांतलं बरंचसं त्यांच्या इच्छेनं बंद ठेवलं आहे.

आता या संग्रहात काय नाही तेही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला मदत करता येईल. नंदुरबारच्या सातपुड्यातली, धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं यात जवळजवळ नाहीत. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील म्हटलं, तेव्हा त्यासाठीसुद्धा रेंज शोधत टेकडी चढणारी मुलं आवाज कुठून पाठवणार? आता आम्ही रेकॉर्डर घेऊन तिकडे जातो. मुलं बोलतात, त्यांचे आईबाप त्याहून चांगलं बोलतात, पण पावरीत आणि भिलोरीत, तिथल्या आदिवासी बोलींत. ते उतरवून घेणारं माणूस आमच्याकडे नाही. तुम्ही त्या बाजूचे असाल, किंवा तिथलं कुणी तुमच्या वर्गात असेल, तर कळवा. मोबदला थोडा आहे, पण आहे. जेवण आमच्याकडे.