वीजबिलातले रोजचे सहा युनिट

बिल आलं तेव्हा मी आधी रक्कम बघितली आणि तिथेच गडबडले. नेहमीच्या दुपटीहून बरीच जास्त होती. खरं तर आधी युनिट बघायला हवे होते. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे युनिट दुप्पट झाले नाहीत तरी रक्कम दुपटीच्या पुढे जाते. रक्कम बघून माणूस घाबरतो, पण शोध घ्यायला तिचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे जुनी बिलं काढून बसले. यंदा ३१ दिवसांचे ४१२ युनिट. मागच्या वर्षी याच महिन्यात, ३१ दिवसांतच, २२४. म्हणजे दिवस जास्त धरले होते असंही नव्हतं. बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं, तेही बरोबर होतं. अंदाजाने भरलेला आकडा नव्हता. १८८ युनिटांना ३१ने भागलं, तर रोजचे सहा युनिट जास्त जात होते. एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण एक तास चालणं. सहा हजारांना चोवीसने भागलं की येतात २५० वॉट. कुणीतरी घरात २५० वॉटचं काहीतरी रात्रंदिवस, क्षणभरही न थांबता चालू ठेवलं, तर जेवढी वीज जाईल तेवढी जात होती. तेही थंडीत, पंखे बंद असताना आणि नवीन काहीही विकत आणलेलं नसताना.

या हिशेबाआधी घरात जे झालं ते सांगायलाच हवं. मी लेकीला बोलले. ती रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर अभ्यास करते, खोलीतला दिवा चालू असतो, म्हणून सगळा राग तिच्यावर निघाला. नवऱ्याने फ्रिजवर संशय घेतला. आईला वाटलं, वॉशिंग मशीन रोज लावतो म्हणून असेल. ज्याला जे उपकरण आवडत नाही, त्याचा त्याच्यावर संशय. नंतर आकडेमोड केली तेव्हा कळलं, की तो कॉम्प्युटर शंभर वॉट खात असला आणि सहा तास चालला, तरी होतात सहा दशांश युनिट. सहा नव्हेत. मी लेकीची माफी मागितली. ती फक्त म्हणाली, "आई, आधी मोजायचं ना." तेव्हापासून मीटरची वही तिच्याकडे आहे.

पहिला प्रश्न मीटरचा होता. आमच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं आहे, एका युनिटला ३२०० वेळा. हा आकडा प्रत्येक मीटरवर वेगळा असू शकतो, आपापल्या मीटरवर वाचून घ्यावा. मेन स्विच बंद केला आणि दहा मिनिटं दिव्याकडे बघत उभी राहिले. एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे मीटर आणि मेन स्विचच्या मधून कुणी वीज घेत नव्हतं, आणि मीटर स्वतःहूनही पळत नव्हता. मग मेन चालू करून घरातलं बाकी सगळं बंद ठेवलं आणि जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब तेवढा लावला. शंभर वॉटला दर सव्वाअकरा सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकायला हवा, म्हणजे दहा वेळांना साधारण ११२ सेकंद. लेकीच्या मोबाइलवर ११५ आले. व्होल्टेज थोडं कमी-जास्त असतं, त्या मानाने हे चोख होतं. मीटर तपासणीचा अर्ज मी लिहून ठेवला होता, तो फाडला. दोष मीटरमध्ये नव्हता, आमच्या घरातच होता.

मग रात्रीची रीडिंगं सुरू केली. रात्रीच का, तर रात्री माणसं काही वापरत नाहीत. जे आपोआप चालतं तेवढंच उरतं. रात्री अकराला एक रीडिंग आणि पहाटे साडेपाचला दुसरं, दशांशासकट. पहिल्या रात्री २.४ युनिट गेले. फ्रिजचे चार दशांश, राउटर आणि टीव्हीच्या डब्याचा मिळून एखादा दशांश, आणि गीझर. आमचा गीझर पंचवीस लिटरचा आहे आणि त्याचं बटण आम्ही बंद करत नाही. आई तीन वर्षांपासून आमच्याकडे असते, तिचे सांधे दुखतात, रात्री-अपरात्री तिला गरम पाणी लागतं. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि नुसतं गरम राहायला रात्रीत फार तर तीनेक दशांश लागावेत. सगळं धरून आठ दशांश. बाकीचा दीड युनिट कुठे जात होता?

दुसऱ्या रात्री स्वयंपाकघर आणि हॉलचे एमसीबी, म्हणजे बोर्डातले त्या त्या भागाची वीज तोडणारे स्विच, खाली केले. फ्रिज बंद होता तोवर त्याचं दार उघडलं नाही. रीडिंग आलं १.९. म्हणजे चोर उरलेल्या अर्ध्या घरात होता. तिसऱ्या रात्री ते दोन्ही चालू ठेवले आणि फक्त गीझरचा एमसीबी बंद केला. आईसाठी थर्मासमध्ये पाणी भरून ठेवलं. पहाटे रीडिंग बघितलं, अर्धा युनिट! एवढा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. गीझरच होता.

पण गीझर असं नेमकं काय करत होता, हे कळल्याशिवाय मला झोप येईना. चौथ्या रात्री सगळं पूर्ववत चालू ठेवून शाल पांघरून मीटरजवळ खुर्ची टाकून बसले. दिवा सावकाश लुकलुकत होता, मध्येच अचानक सेकंदाला जवळजवळ दोनदा उडायला लागला. म्हणजे दोन हजार वॉटचा गीझर लागला. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा सावकाश. चाळीसेक मिनिटांनी परत तेच. घरात सगळे झोपलेले, एकही नळ उघडा नाही, आणि गीझर तासाला दीड वेळा पाणी तापवत होता.

वायरमन आला. त्याने काम नीट केलं, हे मुद्दाम सांगते. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून बघितलं. गीझर लागला की पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, तुटला की शून्य, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. आतली कॉइल चिरली तर करंट अर्थिंगमध्ये जातो, बिलही वाढतं आणि जिवालाही धोका असतो, म्हणून तेही तपासलं. तिथे काही नव्हतं. आमच्या जुन्या बोर्डात आरसीसीबी नव्हता, तो बसवून घ्या म्हणाला. तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी तो लाइन तोडतो. तो आम्ही त्याच आठवड्यात बसवला. बिलाशी संबंध नसला तरी या सगळ्या प्रकरणात झालेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटतं. मग तो म्हणाला, "ताई, आतलं इन्सुलेशन गेलं असणार. गीझर जुना झालाय, बदलून टाका."

मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण जाता जाता गीझरच्या अंगाला हात लावला. जेमतेम कोमट. इन्सुलेशन गेलं असतं तर पत्रा चांगला तापायला हवा होता. सहा युनिटांची उष्णता हवेत विरून जात नाही, ती कुठेतरी पोचतेच. एवढी ऊब त्या लहानशा बाथरूममध्ये राहिली असती तर आत पाऊल टाकताच जाणवली असती.

हे मी जेवताना मोठ्याने बोलत होते. आई म्हणाली, "अगं, मग फरशी तापते ती कशाने? यंदा मोरीच्या उंबऱ्यापाशी पाय गार पडत नाहीत, मी म्हटलं नव्हतं का तुला?"

म्हटलं होतं. महिन्यापूर्वी म्हटलं होतं, आणि मी घाईत "बरंय ना मग" एवढं बोलून पुढे गेले होते. म्हातारं माणूस पहाटे अनवाणी उठतं, त्याच्या तळपायांना जे कळतं ते आम्हाला चपला घालून फिरताना कसं कळणार? ताटावरून उठून हात न धुताच गेले. उंबऱ्याला लागून दोन फरश्या, हात ठेवला की लगेच कळावं इतक्या कोमट. त्यापलीकडची थंडगार.

त्या फरश्यांखालून गीझरची गरम पाण्याची लाइन स्वयंपाकघराच्या सिंककडे जाते. पहाटे पाचला उठून गीझरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला हात लावला. रात्रभर गरम पाण्याचा नळ कुणी उघडला नव्हता, तेव्हा वीतभर अंतरानंतर तो गार असायला हवा होता. तो जमिनीत शिरेपर्यंत चटका बसेल इतका गरम होता. पाणी वाहत होतं. नळ बंद असूनही वाहत होतं. आम्ही तळमजल्यावर राहतो, छत गळतंय म्हणून वर येऊन सांगणारं खाली कुणी नाही. पाणी जमिनीत मुरत होतं आणि त्याच्या जागी टाकीतून गार पाणी गीझरमध्ये येत होतं. गीझर बिचारा ते तापवत होता.

प्लंबरकाकांनी फरशी लगेच फोडली नाही, याचं मला कौतुक वाटलं. आधी त्यांनी स्वयंपाकघराकडे जाणारा फाटा सोडवून तिथे तोंड बंद करणारी डमी लावली आणि म्हणाले, "आज रात्री बघा." लेकीने अकराला आणि साडेपाचला रीडिंग घेतलं. आठ दशांश. वहीत तिने त्या आकड्याभोवती तीनदा गोल काढला.

मग दोन फरश्या उचलल्या. जुना लोखंडी पाइप, कोपऱ्यातल्या एल्बोला आट्यांपाशी गंज लागून बारीक भोक पडलेलं. डमी काढल्यावर त्यातून गव्हाच्या काडीएवढी धार आली. मी काकांना थांबवलं आणि खाली पेला धरायला सांगितलं. दोनशे मिलिलिटरचा पेला भरायला सव्वादोन मिनिटं लागली. दिवसाला साधारण १३० लिटर. एक लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला साडेचार-पावणेपाच शतांश युनिट लागतो. १३० लिटरचे होतात सहा युनिट. कागदावर तो आकडा आला तेव्हा मी तो नवऱ्याला दाखवला, लेकीला दाखवला, प्लंबरकाकांनाही दाखवला. महिनाभर जे सहा युनिट सापडत नव्हते, ते त्या पेल्यात होते.

नवी लाइन आम्ही जमिनीखालून नेलीच नाही. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइप भिंतीवरून, डोळ्यांसमोर घेतला. दिसायला फार छान दिसत नाही, पण गळला तर त्याच दिवशी दिसेल. तुमच्या घरात गरम पाण्याची लाइन फरशीखालून असेल आणि गीझर सतत चालू राहत असेल, तर एकदा पहाटे पाइपला हात लावून बघा. जपून लावा, भाजतं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल ३० दिवसांचं, २२१ युनिट. लेक अजून दर रविवारी रीडिंग लिहिते.

उंबऱ्यापाशी फरशी आता पुन्हा गार पडते. आईने पहिल्याच पहाटे ते सांगितलं, आणि या वेळी मी लगेच ऐकलं. तिच्या रबरी स्लिपर आता बाथरूमच्या दाराशीच असतात.