ओल्या कपड्यांतला वाटाड्या

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या गावांत मी पशुवैद्यक म्हणून काम करतो आणि राहायला नाशिकला पंचवटीत आहे. चांदोरी, सायखेडा, करंजगाव, नांदूरमध्यमेश्वर या पट्ट्यात मळ्यांपर्यंत जाणारे बरेचसे रस्ते चारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान पाटाच्या, कडेने किंवा दोन द्राक्षबागांच्या मधल्या बांधावरून जातात, त्यामुळे चारचाकीचा फारसा उपयोग नसतो आणि बाराही महिने मोटारसायकलच काढावी लागते. पावसाळ्यात त्याचे काही वाटत नाही. हिवाळ्यात मात्र निफाडची थंडी हा वेगळाच विषय होऊन बसतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान हिवाळाभर वर्तमानपत्रांत छापून येते, आणि पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. त्याच रात्री कुणाची तरी गाय विताना अडते.

ज्या रात्रीविषयी लिहितो आहे ती जानेवारीतली होती. पहाटे दोनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे नाना होते, त्यांच्या गोठ्यावर मी पुष्कळ वर्षांपासून जातो. "डॉक्टर, गाय अडली. तोंड दिसतंय अन् पाय एकच आलाय," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "धुकं लई आहे, मळ्याची वाट घावायची नाही तुम्हाला. धाकट्याला फाट्यावर उभा करतो." एक पाय मागे दुमडलेला असणार हे उघड होते. उशीर केला तर वासरू हातचे जाणार होते, तरीही कपडे चढवण्यात मी घाई केली नाही, कारण गारठलेल्या बोटांनी गायीच्या पोटातला पाय सरळ करता येत नाही.

माझा त्या रात्रीचा पोशाख तपशिलाने सांगतो. अंगालगत सुती बनियन न घालता मी खेळाडू वापरतात तसा, घाम धरून न ठेवणारा पातळ सदरा घातला होता. सुती कापड घाम पिते आणि ओले झाले की तासन्‌तास ओलेच राहते, आणि ओल्या कापडाच्या आत अंगाची ऊब टिकत नाही, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर पँट-जॅकेटचा रेनकोट. आभाळ निरभ्र असतानाही मी रेनकोट घालतो याचे नव्या लोकांना आश्चर्य वाटते, पण स्वेटर ऊब साठवतो, वारा अडवत नाही. मोटारसायकलवर वारा स्वेटरच्या विणीतून थेट आत शिरतो आणि तंतूंमध्ये अडकलेली गरम हवा काढून नेतो. सहा अंश तापमानात ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाताना उघड्या कातडीला शून्य अंशांइतकी थंडी जाणवते. वेग तीसवर आणला तरी त्यात जेमतेम सव्वा-दीड अंशाचा फरक पडतो. म्हणून "हळू चालवतो, थंडी वाजणार नाही" या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. वारा अडवायलाच हवा. रेनकोट नसेल तर स्वेटरवर, छाती आणि पोट झाकेल अशी वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून वरून जर्किनची चेन लावावी. कागदातून वारा जात नाही, आणि आमच्या भागातले दूधवाले हे फार पूर्वीपासून करत आले आहेत.

पायांत एकच लोकरी मोजा आणि थोडे सैल बूट. दोन मोजे घालून बूट आवळला की रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट लवकर बधिर होतात. हातमोज्यांचेही तेच आहे. हेल्मेटच्या आत पातळ कापडी टोपी, तिची खालची कड नाकाच्या खाली ओढलेली, म्हणजे श्वास वर जाऊन काचेवर बाष्प धरत नाही. मफलरची दोन्ही टोके जॅकेटच्या आत खोचलेली. मोकळा मफलर किंवा पदर-शालीचे टोक चाकात अडकून झालेले अपघात मी पाहिले आहेत, म्हणून याबाबतीत मी कुणाचेही ऐकून घेत नाही.

छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरीपर्यंत ठीक गेलो. नदी जवळ आली तसे धुके दाट झाले, हेल्मेटच्या काचेवर बाहेरून दव साचू लागले आणि दर काही मिनिटांनी हातमोज्याच्या पाठीने ती पुसावी लागली. फाट्यावर पोहोचलो तेव्हा धाकटा आपल्या मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याने मान हलवली, काही बोलला नाही, गाडीला किक मारली आणि पुढे निघाला. किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. माझ्या दिव्याच्या उजेडात मला त्याच्या अंगावरची शाल आणि डोक्यावरची कानटोपी दिसली. बाकी धुक्यात काही कळले नाही.

चारीच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या गाडीचा मागचा दिवा डावी-उजवीकडे होऊ लागला. रस्ता कच्चा होता, पण इतकाही नव्हता. पुढे चारी ओलांडणारी मोरी येते आणि तिथे काटकोनात वळावे लागते. त्या वळणावर ब्रेकचा दिवा लागलाच नाही. गाडी सरळ गेली आणि कांद्याच्या वाफ्यात जाऊन आडवी झाली. वाफा नुकताच भिजवलेला, चिखल मऊ, त्यामुळे त्याला मार बसला नाही. मी धावत जाऊन त्याला उठवले आणि विचारले, "ब्रेक का नाही दाबला?" त्याने उजवा हात समोर धरला. बोटे मुठीसारखी वाकलेली होती आणि ती त्याला उघडता येत नव्हती. उत्तर देताना शब्द एकमेकांत मिसळत होते, जणू तोंडात काही धरून बोलतो आहे. अंग थरथरत होते, पण सलग नाही, मधूनमधून.

टॉर्चच्या उजेडात त्याच्याकडे नीट पाहिले. सुती पायजमा कमरेपर्यंत ओला, पायांत रबरी चप्पल, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. त्या आठवड्यात शेतीला वीज रात्रीची होती, आणि संध्याकाळपासून तो उन्हाळ कांद्याला पाणी भरत होता. बांध फुटला, तो दाबायला पाण्यात उतरला, आणि तेवढ्यात वडिलांची हाक आली. तसाच निघाला. फाट्यावर त्या ओल्या कपड्यांत तो माझी वाट पाहत अर्धा तास तरी उभा असणार. शाल त्याने वरून घेतली होती. पण शाल वाऱ्यात उडते, खालून हवा शिरते, आणि आतले कापड ओले असेल तर वरच्या शालीचा काही उपयोग राहत नाही.

शरीराचे तापमान पस्तीस अंशांच्या खाली जाऊ लागले की जिभेचा आणि बोटांचा ताबा आधी सुटतो. नंतर थरथर थांबते. जवळच्या माणसांना तेव्हा वाटते की आता याला बरे वाटते आहे, प्रत्यक्षात तेव्हाच सर्वांत मोठा धोका असतो. धाकटा अजून थरथरत होता, म्हणजे वेळ हाती होती. माझ्या मोटारसायकलच्या साइड बॅगेत हिवाळाभर एक जुना रेनकोट, एक टॉवेल, एक कोरडा सदरा, जाड पँट आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. पायजमा आणि स्वेटर उतरवून टॉवेलने अंग टिपून घेतले, चोळले नाही. कोरडा सदरा, पँट, पोटऱ्यांभोवती वर्तमानपत्राची पाने, वर जुना रेनकोट असे सर्व चढवताना त्याला एकही बटण लावता आले नाही. ती मीच लावली. त्याची गाडी तिथेच ठेवली. त्याला माझ्या मागे बसवले, म्हणजे समोरचा वारा माझ्या अंगावर अडेल, आणि त्याचे दोन्ही हात माझ्या जॅकेटच्या खिशांत घालायला लावले. मळा तिथून दोन किलोमीटरच्या आत होता.

मळ्यावर पोहोचल्यावर मी दोन ठिकाणी एकाच वेळी लक्ष देत होतो. घरातल्या मावशींना सांगितले की धाकट्याला कोरड्या गोधडीत गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा, पण हातपाय चुलीसमोर धरू देऊ नका, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. हातपाय जोराने चोळायचे नाहीत. धड आधी गरम व्हायला हवे, नाहीतर हातापायांतले गार रक्त एकदम हृदयाकडे परतते. शेजारच्या मळ्यातून आलेले एक गृहस्थ "थोडी पाजा, लगेच गरम होईल" म्हणाले. मी ठाम नकार दिला. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात, माणसाला ऊब आल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते. माणसांच्या बाबतीत माझा अधिकार किती याची मला जाणीव आहे, म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन करून सर्व लक्षणे सांगितली. त्यांनी हेच चालू ठेवायला सांगितले आणि सकाळी दवाखान्यात आणायला सांगितले. घरातला काचेचा थर्मामीटर काढला होता, पण त्याचा पट्टाच पस्तीस अंशांपासून सुरू होतो, त्यामुळे त्याच्यापेक्षा धाकट्याच्या बोलण्याकडे लक्ष ठेवणे मला जास्त भरवशाचे वाटले.

गोठ्यात मी स्वेटर आणि सदरा दोन्ही उतरवले आणि उघड्या अंगावर रबरी एप्रन बांधला. लोकांना हे वेडेपणाचे वाटते. पण अडलेली गाय सोडवताना कितीही थंडी असली तरी घाम फुटतो, वर पाणी आणि गर्भजल अंगावर येते, आणि परतीच्या वाटेवर तेच कपडे घालायचे असतात. दुमडलेला पाय गुडघ्यात धरून, खुरावर तळहात ठेवून पुढे वळवला, म्हणजे गर्भाशयाला इजा होत नाही, आणि गायीच्या कळेबरोबर ओढत वासरू बाहेर घेतले. कालवड होती, जिवंत, पण मान टाकलेली. नानांनी गोणपाटाने तिला भराभर पुसले. वासराला मात्र जोरानेच चोळायचे असते, त्याने श्वास सुरू होतो आणि केस सुटे होतात. ओले केस अंगाला चिकटलेले असले की त्यांच्यामध्ये हवा धरली जात नाही आणि जन्मलेले वासरू काही वेळातच गारठते. तिला गव्हाच्या कोरड्या काडावर ठेवले, गोठ्याच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधून वारा अडवला, आणि ती उभी राहण्याआधीच बाटलीने चीक पाजला.

घरात आलो तेव्हा धाकटा गुळाचा चहा स्वतःच्या हाताने पीत होता आणि स्पष्ट बोलत होता. बोटे उघडत होती. मी गरम पाण्याने हात धुतले, बोटांपासून खांद्यापर्यंत पूर्ण कोरडे केले आणि मगच सदरा घातला.

साडेपाच वाजत आले होते. दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचवायचे रोजचे काम धाकट्याचे, पण त्याला गाडीवर बसू देणार नाही असे मी सांगितले. थोरला तयार झाला. तो सुती शर्ट, त्यावर जर्किन आणि शाल असा निघत होता. शाल मी काढून ठेवायला लावली. घरात लोकरीचा जुना स्वेटर निघाला, पावसाळ्यातला रेनकोट माळ्यावर होता, छातीवर वर्तमानपत्र माझ्या गठ्ठ्यातले. हातांचा प्रश्न राहिला. त्याचे लोकरी मोजे होते, पण त्यांतून वारा आरपार जात होता. नाना फवारणीचे रबरी मोजे घेऊन आले. ते मी हातात घेऊ दिले नाहीत, कारण त्यांत औषधाचा अंश राहतोच आणि घामाने तो कातडीत उतरतो. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची सूचना आली. तीही नको, पिशवी मुठीवर घसरते आणि ब्रेक नीट धरता येत नाही. मग मी माझ्या बॅगेतून तपासणीचे, खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लास्टिकचे मोजे काढले, ते मनगटाच्या थोडे वर कापले आणि थोरल्याला ते आत आणि लोकरी मोजे वर असे घालायला दिले. प्रत्येक बोट सुटे, बाहेरून लोकरीची पकड, आणि वारा आतल्या थराशी थांबलेला. कापलेली कड रेनकोटच्या बाहीच्या आत खोचली, म्हणजे दव किंवा पाणी बाहीवरून ओघळून मोज्यात शिरणार नाही.

तो परत आला तेव्हा उजाडले होते. मोजे काढून त्याने हात दाखवले. तळवे घामाने ओले होते, बोटे मात्र ऊबदार होती आणि व्यवस्थित हलत होती. एवढ्या अंतरासाठी ते चालेल, पण नाशिकपर्यंत जायचे असेल तर आतला घाम साचून तेच हात पुन्हा गार पडतील, हे मी त्याला सांगितले, आणि कातड्याचे, आत अस्तर असलेले, बोटांना थोडे सैल होतील असे मोजे दोन्ही भावांसाठी घ्यायला सांगितले. कांद्याला पाणी भरायला जाताना कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत घालून मोटरच्या खोलीत टांगून ठेवायचा, हे मावशींनी स्वतःच ठरवले. धाकट्याला घेऊन थोरला दवाखान्यात गेला, या वेळी शेजाऱ्यांच्या जीपमधून.