ठोका आणि फ्रेम: तांबटकाकांच्या चित्रीकरणात आवाज व टाइमकोड बसवताना

नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या एका गल्लीत अजूनही हातोडीने तांब्याची भांडी घडवणारे एक वयस्कर तांबटकाका राहतात. आमच्या घरातले घंगाळ आणि पाण्याचा हंडा त्यांच्या वडिलांच्या हातचे आहेत, त्यामुळे काकांचे काम आणि त्यांचे बोलणे दोन्ही नीट चित्रित करून ठेवावे, असे माझ्या मनात बरीच वर्षे होते. तयार भांड्याच्या अंगावर ओळीने ठोके देऊन ते मठारतात. त्या ठोक्यांनी तांबे घट्ट होत जाते, आणि जसे ते घट्ट होते तसा ठोक्याचा आवाजही बदलत जातो. कोणता भाग अजून मऊ राहिला आहे, हे काका डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखतात. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले होते, "पोरी, भांडं बोलतं. नुसतं बघून काय कळणार?" या कामात चित्राइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, आवाज महत्त्वाचा आहे, हे मला तेव्हाच समजायला हवे होते.

पहिल्या चित्रीकरणासाठी मी माझा मिररलेस कॅमेरा तिवईवर लावला आणि माझ्या भाच्याने त्याचा कॅमेरा हातात धरून हातोडीची जवळची दृश्ये घेतली. आवाज कॅमेऱ्यांच्याच माइकवर सोडला होता आणि दोन्हीकडे ध्वनीची लेव्हल 'ऑटो'वर होती. जवळजवळ तीन तास काम चालले. घरी येऊन ते संगणकावर ऐकले तेव्हा माझा जीव खाली बसला. काका दोन ठोक्यांच्या मध्ये बोलत होते, आणि प्रत्येक ठोक्यानंतरचे दोन-तीन शब्द जवळपास ऐकूच येत नव्हते. पुढचे शब्द हळूहळू मोठे होत आणि त्यांच्यासोबत छताच्या पंख्याची घरघरही वर येई, की लगेच पुढचा ठोका पडून सगळे पुन्हा दबून जाई.

ऑटो लेव्हलचे काम कसे चालते हे समजून घेतल्यावर त्यामागचे कारण उघड झाले. मोठा आवाज आला की कॅमेरा क्षणार्धात माइकची संवेदनशीलता खाली ओढतो, आणि ती पुन्हा वर आणताना मात्र सावकाश आणतो. शांत खोलीतल्या मुलाखतीत हे खपून जाते. परंतु तांब्यावर हातोडी पडते तिथे दर सेकंदाला एक-दोन वेळा हा खालीवर खेळ होतो, आणि एकदा अशा रीतीने नोंदलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. त्याहूनही मोठे नुकसान हे, की सगळे ठोके एकाच उंचीचे ऐकू येऊ लागतात. मऊ पत्र्यावरचा बद्द आवाज आणि घट्ट झालेल्या पत्र्यावरचा खणखणीत आवाज यांतला जो फरक काकांचे सारे कसब सांगतो, तोच पुसला जातो.

दुसरी अडचण दोन्ही कॅमेऱ्यांची दृश्ये एकमेकांशी जुळवताना आली. संकलनासाठी मी दा विंची रिझॉल्व्ह वापरते, आणि ध्वनीच्या आलेखावरून दोन चित्रफिती आपोआप जुळवण्याची सोय त्यात आहे. मुलाखतीत, समारंभात ही सोय उत्तम चालते, कारण माणसाच्या बोलण्यातली दोन वाक्ये सारखी नसतात. काकांचे ठोके मात्र इतके एकसारखे आणि इतक्या नेमक्या अंतराने पडतात, की आलेखात एकाच उंचीच्या सुळक्यांची रांग दिसते, आणि त्या रांगेतला कोणता सुळका दुसऱ्या रांगेतल्या कोणत्या सुळक्याचा जोडीदार आहे हे ओळखायला काहीच खूण उरत नाही. काही तुकडे एका ठोक्याने, तर काही तीन ठोक्यांनी चुकून जुळले. हातोडी खाली येताना दिसे आणि आवाजही त्याच क्षणी येई, परंतु तो आवाज त्या ठोक्याचा नसे. जिथे ठोक्याचा सूर हाच विषय आहे, तिथे अशी जुळणी म्हणजे खोटेपणाच, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीला टाळी वाजवून खूण करता आली असती, परंतु भाचा त्या तीन तासांत त्याचा कॅमेरा चाळीसेक वेळा चालू-बंद करत होता आणि प्रत्येक वेळी काकांचे काम थांबवून टाळी वाजवणे शक्य नव्हते.

टाइमकोडवरून जुळवावे म्हटले, तर तिथेही पंचाईत होती. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला मिळालेला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा आकडा. माझ्या कॅमेऱ्यात तो 'रेक रन'वर होता, म्हणजे चित्रीकरण चालू असेल तेवढाच वेळ आकडा पुढे सरके आणि बंद केल्यावर तिथेच थांबे. एकच कॅमेरा असताना ही पद्धत मला आवडते, कारण कार्डावरच्या प्रत्येक फ्रेमचा आकडा सलग आणि वेगळा राहतो. भाच्याचा कॅमेरा 'फ्री रन'वर होता. त्यात चित्रीकरण बंद असले तरी आकडा घड्याळासारखा पुढे जात राहतो. या दोन मोजणींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. शिवाय माझा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत होता आणि भाच्याचा २९.९७.

हा २९.९७ चा हिशेब मी वहीत मांडून पाहिला तेव्हाच मला नीट उमगला. आकडे सेकंदाला ३० या दराने मोजले, तर तासाला १,०८,००० फ्रेम व्हायला हव्यात, प्रत्यक्षात त्या सुमारे १,०७,८९२ होतात. तासाभरात १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी 'ड्रॉप फ्रेम' नावाची मोजणी आहे. तिच्यात प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन आकडे वगळले जातात, फक्त दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. तासातली ५४ मिनिटे गुणिले दोन, बरोबर १०८. नावावरून फ्रेम गळतात असे वाटते, परंतु गळतात ते केवळ आकडे, चित्र सगळे शाबूत असते. २५ फ्रेमच्या पद्धतीत ही भानगडच नाही, कारण तासाला नेमक्या ९०,००० फ्रेम होतात. आपल्याकडे २५ निवडण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण काकांच्या ट्यूबलाइटमध्ये होते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवले तर प्रत्येक फ्रेमला दोन पूर्ण लुकलुकी मिळतात आणि उजेड स्थिर दिसतो. भाच्याच्या चित्रात १/६० शटरमुळे जे फिके पट्टे सरकत होते, त्यांचा उगम इथेच होता.

दादासाहेब फाळके यांचा जन्म इथून जवळच त्र्यंबकेश्वरचा, आणि त्यांचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा होता. फिरवणाऱ्या हाताची लय हीच फ्रेमची गती. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या त्यांच्या स्मारकावरून जाताना माझ्या मनात आले, की मूकपटांच्या त्या काळात हाताची लय थोडी मागेपुढे झाली तरी चालून जाई. चित्राला आवाज जोडला गेला, आणि गती अचूक राखणे अनिवार्य झाले.

काका पुन्हा वेळ द्यायला तयार झाले, परंतु दुसरी भेट वाया घालवायची नाही, असे मी ठरवले. तयारी स्वयंपाकघरातच केली. आमचा हंडा उपडा ठेवून त्यावर लाकडी बत्त्याने ठोके द्यायचे आणि मधेमधे भाच्याने बोलायचे, असे दोन संध्याकाळी चालले. आवाजासाठी चार वाहिन्यांचा एक स्वतंत्र रेकॉर्डर ओळखीतून मिळाला. तो भजनाच्या सीडीसाठी वापरलेला असल्याने ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेण्यावर, होता. चित्रीकरणाची रीत ४८ ची, म्हणून तो प्रथम ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर आणला.

सर्वांत जास्त वेळ लेव्हल ठरवण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल हे छत आहे. त्याच्यावर आवाज जाऊ शकत नाही, तो तिथे कापला जातो आणि फाटतो. काकांचे बोलणे -१२ च्या आसपास शिखर गाठेल अशी लेव्हल ठेवली की ठोका छताला आपटत असे, आणि ठोक्याच्या हिशेबाने लेव्हल खाली आणली की बोलणे पंख्याच्या आवाजात बुडे. एका माइकवर या दोघांची सोय होत नाही, हे मान्य केल्यावरच मार्ग सापडला. पहिल्या वाहिनीवर कॉलर माइक ठेवला, तो केवळ बोलण्यासाठी, आणि तिथे लिमिटर, म्हणजे ठरावीक मर्यादेवर जाणारा आवाज आपोआप दाबणारी सोय, चालू केला, कारण त्या वाहिनीवरचे ठोके मी वापरणारच नव्हते. दुसऱ्या वाहिनीवर भांड्यापासून हातभर अंतरावर तिरका धरलेला गन माइक (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक), तो केवळ ठोक्यांसाठी. त्याची लेव्हल इतकी खाली घेतली की सर्वांत जोराचा ठोकाही -१० च्या वर जाणार नाही, आणि लिमिटर बंद ठेवला, कारण ठोक्यानंतर भांडे जे गुंजत राहते तेच लिमिटर चेपून टाकतो. २४ बिटमध्ये नोंद असल्याने इतक्या खालच्या लेव्हलची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. १६ बिटची सैद्धांतिक झेप, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, ९६ डेसिबलची असते, तर २४ बिटची १४४ डेसिबलची. लो-कट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा खर्ज कापणारी गाळणी, मी बोलण्याच्या माइकवर ८० हर्ट्झला लावला. गन माइकवर मात्र मुद्दाम लावला नाही, मोठ्या हंड्याचा खर्ज त्यात हरवू नये म्हणून.

टाइमकोडसाठी तीन लहान टाइमकोड पेट्या एका दिवसाच्या भाड्याने आणल्या. कॅमेऱ्यांच्या आतल्या घड्याळांवर विसंबून का चालत नाही, याचाही हिशेब केला होता. घड्याळाचा स्फटिक दहा लाखांत २० भागांनी चुकला, तर तासाला ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. २५ च्या गतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तासाला जवळपास दोन फ्रेम घसरल्या. या पेट्यांची घड्याळे त्याहून पुष्कळ अचूक असतात. सकाळी तिन्ही पेट्या केबलने एकमेकींना जोडून एकच वेळ दिली, त्यांना २५ ची गती निवडली, आणि मग एकेक पेटी दोन्ही कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरला लावली.

माझ्या कॅमेऱ्याला टाइमकोडचे वेगळे छिद्र नाही, त्यामुळे पेटी माइकच्या छिद्रात लावली. तिथे टाइमकोड ध्वनीच्या रूपानेच एका वाहिनीवर नोंदला जातो, ऐकायला तो कर्कश किरकिरीसारखा असतो. जॅक खोचताच कॅमेऱ्याचा आतला माइक बंद पडतो, परंतु पेटीत स्वतःचा छोटा माइक होता आणि त्याचा आवाज दुसऱ्या वाहिनीवर येत राहिला, एवढा संदर्भ पुरेसा होता. अर्थात कॅमेऱ्यातली ऑटो लेव्हल इथेही बंद करावी लागली. किरकिर फार मोठी ठेवली तर ती शेजारच्या वाहिनीत झिरपते, म्हणून तीही बेताची ठेवली. रेकॉर्डरमध्ये याच कारणासाठी टाइमकोड चौथ्या वाहिनीला दिला आणि तिसरी मोकळी सोडली. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकला त्याच्या केबलमधूनच मिळणारी वीज) फक्त गन माइकच्या वाहिनीला चालू केला, चौथ्या वाहिनीला तो बंद आहे याची दोनदा खात्री केली.

भाच्याच्या कॅमेऱ्यात २९.९७ वरून २५ वर येण्यासाठी मूळ व्हिडिओ पद्धतच एनटीएससीवरून (२९.९७ फ्रेमची) पालवर (२५ फ्रेमची) बदलावी लागली, आणि त्यानंतर कॅमेऱ्याने कार्ड नव्याने फॉरमॅट करायला सांगितले. हे घरी केले म्हणून निभावले. काकांच्या ओसरीवर, आधीचे काही कार्डात असताना ही सूचना समोर आली असती, तर काय केले असते कोण जाणे.

बुधवार टाळला, कारण त्या दिवशी गोदाघाटावर बाजार असतो आणि गल्लीतून वर्दळ वाढते. पंखा बंद ठेवायला काका तयार झाले. मी हेडफोन कानांवर ठेवून बसले आणि पूर्ण सकाळ ते काढले नाहीत. मधेच भाच्याला हातोडीचे संथगती दृश्य घ्यावेसे वाटले. सेकंदाला १०० फ्रेम घेऊन २५ ने दाखवायचे म्हणजे वेळ चौपट ताणली जाणार, त्याच्या कॅमेऱ्यात त्या वेळी ध्वनीही नोंदला जात नाही, आणि ध्वनीच नाही म्हटल्यावर ध्वनीतून येणारा टाइमकोडही नाही. "मावशी, ही दृश्ये मी वेगळ्या कार्डावर घेतो," असे तो आपण होऊन म्हणाला, आणि तसेच केले.

घरी आल्यावर ध्वनीतला टाइमकोड वाचून चित्रफितींना देण्याची आज्ञा रिझॉल्व्हला दिली, आणि भाच्याचे सगळे सुटे तुकडे माझ्या सलग चित्राखाली आपापल्या जागी जाऊन बसले. पहिल्या दहा मिनिटांतला एक ठोका आणि शेवटच्या दहा मिनिटांतला एक ठोका मी फ्रेमशः तपासला, दोन्ही ठिकाणी हातोडी एकाच फ्रेममध्ये पत्र्याला टेकत होती. भाच्याने गल्लीच्या पलीकडून घेतलेल्या एका दृश्यात मात्र त्याच्या पेटीच्या माइकवरचा ठोका एक फ्रेम उशिरा होता. आवाजाला चौदा मीटर अंतर कापायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ते योग्यच होते. आलेखावरून जुळवले असते तर हेच चित्र एका फ्रेमने सरकले असते.

पंधरा दिवसांनी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन मी काकांकडे गेले. पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड दिसत होता. ते डोळे मिटून ऐकत होते. एका जागी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांब. इथं बघ, हा ठोका कच्चा पडलाय, पत्रा अजून मऊ होता. पुढचे तीन ऐक, मग कळेल." मी वहीत ११:४२:०७:१३ असा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे 'मऊ' असे लिहून पुढचे तीन ठोके पुन्हा लावले.