बारा युरोंचे चार फौजी

फ्रान्सच्या मार्सेलला आम्ही समुद्रासाठी गेलो होतो. समुद्र पाहिला, कालांकच्या कड्यांत पाय सोलून घेतले, तिथल्या टेकडीवरच्या नोत्र-दाम चर्चच्या चढावर नवऱ्याने अबोला धरला. तीन दिवसांचं सांगण्यासारखं एवढंच.

चौथ्या दिवशी जुन्या बाजारात पोस्टकार्डांचं एक खोकं चाळत बसले. त्यात हे सापडलं: झाडाखाली चार शीख सैनिक आणि खाली छापलेलं, 'मार्सेल, १९१४, लेझ आंदू'. म्हणजे हिंदू. तेव्हा फ्रेंचांना फेटा दिसला की माणूस हिंदू. म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्याकडे पाहून "तुम्हीपण?" असं विचारलं, तेव्हा 'ते जुन्या काळातलं' असं म्हणायची सोय राहिली नाही.

मी खडकीची. आजोबांची सगळी नोकरी ॲम्युनिशन फॅक्टरीत झाली, आणि कॉलेजात एनसीसीच्या परेडला थ्री नॉट थ्री रायफल खांद्यावर घेऊन माझं कॉलरबोन सोलून निघालं होतं. त्यामुळे माझी नजर चेहऱ्यांच्या आधी रायफलींवर गेली. (नवऱ्याच्या मते हा आजार आहे.) नळी लाकडाबाहेर डोकावत नाही, पुढून नकटी, म्हणजे इंग्रजी फौजेची आखूड ली-एनफिल्ड रायफलच. छातीवर तिरका चामडी बंडोलियर, खिशाखिशांत काडतुसं. पिंडऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या. इंग्रजांनी 'पटी' हा शब्द आपल्याच पट्टीवरून उचलला. आणि अंगात सुती खाकी. सप्टेंबरातल्या मार्सेलला ती ठीक, पण पुढे उत्तरेच्या आघाडीवर, फ्लँडर्सच्या चिखलात, हिवाळ्याच्या तोंडावर?

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनची पहिली जहाजं २६ सप्टेंबर १९१४ला इथे लागली. शहरातल्या बोरेली बागेतही तंबू पडले. इथेच शिपायांच्या जुन्या रायफली काढून घेऊन ली-एनफिल्डची नवी आवृत्ती, मार्क थ्री, दिली, कारण नवी टोकदार मार्क सेव्हन काडतुसं जुन्या रायफलींना चालणारी नव्हती. सराव करायला वेळ जवळजवळ नाहीच. आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनियर शिपायांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्याही याच डिव्हिजनमध्ये होत्या. २८ ऑक्टोबरला त्या ४७व्या शीख पलटणीबरोबर उत्तर फ्रान्समधल्या नव शापेल गावावर चालून गेल्या, आणि सॅपर्सचे बहुतेक इंग्रज अधिकारी पडले किंवा जखमी झाले. बोटीतून उतरल्याला धड पाच आठवडेही झाले नव्हते.

मग मला खाज सुटली. फोटो रायफली बदलण्याआधीचा की नंतरचा? मार्क थ्रीला बोल्टच्या वर एक छोटा आडवा पूल असतो, पाच काडतुसांची क्लिप त्यात खोचून अंगठ्याने खाली दाबायची. तो दिसला तर नंतरचा. तीन रायफली पुढून दिसतात, त्यांचा उपयोग नाही. चौथा उकिडवा बसलाय, रायफल मांडीवर आडवी. मोबाईलने मोठं करून पाहिलं तर छपाईचे नुसते ठिपके. दुकानदाराने भिंग दिलं. त्या गड्याने पंजा नेमका तिथेच ठेवलाय, जाड बोटांचा, अंगठा आत दुमडलेला.

बारा युरो. घासाघीस केली, तर म्हाताऱ्याने खांदे उडवले. आदल्या रात्री माशाच्या रश्श्याला माणशी साठ मोजणाऱ्या नवऱ्याने "कागदाला बारा?" असं म्हणून दाखवलंच.

दुपारी त्याला ओढत बोरेली बागेत नेलं. कार्ड हातात धरून प्रत्येक झाडाखाली उभी राहिले. पोरं सायकली फिरवत होती, कोणीतरी सॉसेज भाजत होतं. तसं झाड सापडलं नाही. पंजा आता आमच्या फ्रिजवर आहे. भिंगही घेतलंय, मंडईतून, ऐंशी रुपयांचं.