बाळू आणि बाळासाहेब

अण्णांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत होतं: गॅस. सोडा पाजला, ओवा चघळायला दिला. रात्री अकराला त्यांना दरदरून घाम फुटला तसा मी १०८ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी ट्यूबलाइटखाली धरून बघितली, गोळ्या चावून खायला लावल्या आणि एवढंच म्हणाले, "मिरजेला काढा."

सांगली जिल्ह्याच्या आमच्या पूर्व भागात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉ. वान्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला. माझी आजी शेवटपर्यंत 'मिशनला नेलं' असंच म्हणायची, मग पेशंट मिरजेत कुठंही दाखल असो. पुढं १९६२ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, खासगी दवाखाने तर मोजायलाच नकोत.

आम्ही ज्या खासगी दवाखान्यात पोचलो त्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टर देवमाणूस होते. काउंटरवरचा पोरगा मात्र मान वर न करता म्हणाला, "योजना का कॅश?" मी म्हटलं, योजना. "योजनेचं सकाळी बघू. आता पन्नास हजार डिपॉझिट भरा." घरातून निघताना बायकोनं कपाटातले वीस हजार हातात कोंबले होते, ते भरले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची खिडकी त्या काउंटरपासून दहा पावलांवर होती, हे मला उजाडल्यावर दिसलं. तुमच्यावर वेळ आली तर पैशाला हात लावायच्या आधी 'योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र कुठं बसतात' एवढं विचारा. ते वीस हजार परत मिळायला मला तीन हेलपाटे पडले.

सकाळी अँजिओग्राफी झाली. एक नस जवळजवळ बंद. स्टेंट घालायचा ठरला. योजनेत अँजिओप्लास्टी बसते, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. आता पांढरं रेशन कार्ड असलं तरी चालतं, आमचं तर केशरी. म्हणजे अडचण काहीच नव्हती.

आरोग्यमित्र म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. तिनं अण्णांचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड शेजारीशेजारी ठेवलं आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवलं. "दादा, हे दोघं वेगळे आहेत."

आधारवर बाळासाहेब. रेशन कार्डावर बाळू.

गावात अण्णांना बाळू म्हणणारी माणसं आता दोन-तीनच उरलीत, पण कार्ड काढलं तेव्हा आजोबांनी सांगितलं आणि कोतवालानं लिहिलं. या कार्डावर आम्ही इतकी वर्षं गहू-तांदूळ उचलला, बाळू कोण असं कुणी विचारलं नाही. वर कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरही पाहिजे होता. आमच्याकडं होतं ते पिवळटलेलं, घडीवर चिकटपट्टी लावलेलं जुनं पुस्तक.

"दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असा तहसीलदारांच्या सहीचा दाखला आणा," ती म्हणाली. "फोटो पाठवला तरी मी मंजुरीला फाइल टाकते. मूळ कागद नंतर द्या." हे तिनं कागदावर लिहूनही दिलं. त्या दोन दिवसांत मला लिहून देणारी ती एकटीच.

अण्णांपाशी भावाला बसवलं. खरं तर बसवलं अथणीच्या एका कुटुंबानं. कानडी माणसं, त्यांचा म्हातारा शेजारच्या कॉटवर. त्यांची सून 'ऊटा, ऊटा' म्हणत भावाच्या हातावर ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवायची. अण्णांचं आणि त्या म्हाताऱ्याचं दिवसभर काय बोलणं चालायचं कुणास ठाऊक, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

घरी येऊन आधी बारा अंकांचा शोध. बायकोनं तांदळाच्या डब्यात हात घातला आणि रेशन दुकानाच्या मशीनमधून निघालेली पावती काढली. तांदळाच्या पांढुरक्यानं भरलेली, अक्षरं अर्धी उडालेली, पण नंबर शाबूत. मग तलाठ्याकडं, तिथून तहसीलला. साहेब मीटिंगला. साडेतीनला साहेब आले, चारला सही झाली, चार वाजून दोन मिनिटांनी मी जिन्यातच उभा राहून फोटो पाठवला. पहिला फोटो हलला होता. दुसरा काढताना हात भिंतीला टेकवला.

रात्री साडेनऊला भावाचा फोन: मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेंट पडला. बाहेर आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर म्हशीची धार कुणी काढली.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. त्याच मुलीनं अण्णांचा फोटो काढला, सह्या घेतल्या आणि घरी जायचं गाडीभाडं हातात दिलं, तेही योजनेतच बसतं. मी गाडी ठरवायला निघालो तर अण्णा हटून बसले, एसटीनंच जायचं. डॉक्टरांनी हसून मान हलवली, मग माझं काय चालणार.

अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं, नाव वाचलं आणि शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. "बसा, बाळासाहेब."

अण्णांनी खिशातलं गाडीभाडं चाचपलं आणि खिडकीकडं सरकले.