खळखळतंय म्हणजे औषध आहे?

"अजून खळखळतंय की! मग संपला कसा?" आज मेडिकलच्या काउंटरवर एक आजोबा इन्हेलर कानाशी धरून विचारत होते.

खळखळतो तो फवारा उडवणारा वायू. औषधाचे ठरलेले डोस संपले तरी तो थोडा उरतोच. डबा पाण्यात टाकून तरंगतो का, हेही बघू नका, त्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा मोजा. १२० डोसचा डबा, सकाळ-रात्र दोन-दोन फवारे, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख मार्करने डब्यावर लिहा.

खरे पैसे वाया जातात ते घशात. स्पेसर, म्हणजे इन्हेलरच्या तोंडाला लावायचा प्लास्टिकचा पोकळ नळा, नसेल तर बरंचसं औषध तिथेच चिकटतं. स्पेसर एकदा घेतला की बरेच महिने चालतो. साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि न पुसता वाळू द्यायचा. फडक्याने घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच बसतं.

जनऔषधी केंद्रात जाताना चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं: उदाहरणार्थ बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, पुढे मायक्रोग्रॅम. डॉक्टरांकडून तसंच लिहून घ्या. कॅप्सूलवाला रोटाहेलर चालेल का, तेही तेव्हाच विचारा. त्यात श्वास जोराने ओढावा लागतो, म्हणून परस्पर बदलू नका.

आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप बंद करून पैसे वाचवणं, हे मात्र कृपा करून नको. एका रात्रीच्या ॲडमिशनमध्ये कितीतरी महिन्यांचे डबे येतात.

तुमच्या घरातल्या डब्यावर तारीख आहे का?