चौकात की रस्त्यावर?

"मॅडम, चौकात एकही विद्यार्थी मेला नाही. सगळं पाश्चात्त्य माध्यमांनी रचलेलं आहे."

टीवायबीएचा वर्ग, राज्यशास्त्राचा तास. मी नुकतंच सांगितलं होतं, की 4 जून 1989 ला बीजिंगच्या तियानआनमेन चौकात रणगाडे घुसले आणि तिथे लोकशाहीची मागणी करत बसलेले हजारो विद्यार्थी मारले गेले. हे वाक्य माझ्या नोट्समध्ये अकरा वर्षांपासून आहे. बोलणारा मुलगा मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा, पण आज तयारी करून आला होता. "होउ देजियान नावाचा तैवानचा गायक तिथेच होता. तो म्हणतो, मी कुणाला मरताना पाहिलं नाही."

मला राग आला. पण तो सांगत होता ती साक्ष खरी आहे. होउ देजियान लेखक लिऊ शियाओबोंसोबत चौकात उपोषणाला बसला होता. पहाटे त्यानेच आणखी एका सहकाऱ्याला घेऊन लष्कराशी बोलणी केली आणि उरलेल्या मुलांना बाहेर पडायला वाट मिळाली. अशा माणसाचं म्हणणं उडवून कसं लावायचं?

मी खडू घेतला. फळ्यावर एक लांब आडवी रेघ मारली, चांगआन मार्ग. मध्ये चौकोन, तो चौक. मग रेघेच्या पश्चिम टोकाला, चौकापासून सुमारे 5 किलोमीटरवर, एक फुली. मुशिदी.

"3 जूनच्या रात्री सैन्य पश्चिमेकडून आलं ते या पुलावरून. लोक रस्त्यात आडवे उभे राहिले आणि गोळीबार इथे झाला. मेले त्यांत कामगार होते, रहिवासी होते, विद्यार्थी होते." फुलीजवळ मी एक वय लिहिलं: 17. जियांग जिएलियन. आईने घराबाहेर जाऊ नको म्हटलं, तर तो न्हाणीघराच्या खिडकीतून उडी मारून गेला आणि गोळी लागून मेला. त्याची आई डिंग झिलिन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्यांनी आणि इतर आयांनी पाळत, नजरकैद सोसत घरोघर फिरून मृतांची यादी केली. 202 नावं. पूर्ण यादी नव्हे, जेवढ्या घरांपर्यंत त्या पोचू शकल्या तेवढीच.

दुसरी फुली चौकाच्या जवळ. लिउबुकोउ. इथे चौक सोडून परत निघालेल्या मुलांवर रणगाडा गेला. फांग झेंग या विद्यार्थ्याचे दोन्ही पाय गेले. तो जिवंत राहिला आणि त्याने साक्ष दिली.

"मग हजारो कुठून आले?" मुलाने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

प्रश्न रास्तच होता. ब्रिटिश राजदूताच्या तारेतला 10,000 चा आकडा 2017 मध्ये उघड झाला. तो ऐकीव होता आणि त्याने स्वतःच तो नंतर बराच खाली आणला. उलट चीन सरकारच्या वतीने बीजिंगचे महापौर चेन शितोंग यांनी त्याच जूनअखेर दिलेल्या अहवालात 200 हून अधिक नागरिक मेल्याचं म्हटलं होतं, त्यांत 36 विद्यार्थी. म्हणजे 'कुणी मेलंच नाही' असं मारणाऱ्यांनीही म्हटलेलं नव्हतं. खरी संख्या या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे आणि दफ्तरं बंद आहेत, म्हणून ती ठरत नाही. आणि वादाचा सगळा भर 'चौक' या एका शब्दावर ठेवला, की मुशिदीचा पूल नकाशातूनच गळतो. मुलाला हे सांगितलं, आणि हेही सांगितलं, की तो पूल गाळायला माझ्या वाक्यानेही मदत केली होती.

घंटा झाली तरी तो फळ्यासमोर उभा होता. "ही यादी मिळते का वाचायला?" मी हो म्हटलं.

घरी येऊन नोट्समधलं ते वाक्य खोडलं. 'चौकात'च्या जागी 'चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर', 'हजारो'च्या जागी 'शेकडो, कदाचित त्याहून बरेच जास्त'. मग मागच्या बॅचच्या ग्रुपवर दुरुस्ती पाठवली. एकीने लगेच विचारलं, "म्हणजे सरकार बरोबर होतं का मॅडम?"

मी तिला जियांग जिएलियनचं नाव, वय आणि पुलाचं नाव लिहून पाठवलं.